जुनं नाट्यगृह वाचवायचं म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

पांचपाखाडीकर

मंडळी, मी मूळचा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, नोकरीमुळे ठाणेकर झालेला. आमच्या गावात नगरपरिषदेच्या मालकीचं एक जुनं नाटकगृह आहे. दगडी भिंती, चुन्यातलं बांधकाम, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, म्हणजे तिकोनी चौकटी. वर पूर्वी मंगलोरी कौलं होती, आता सिमेंटचे पत्रे आहेत. तिन्ही बाजूंनी लाकडी सज्जा, त्यातला एक भाग पूर्वी फक्त बायकांसाठी राखीव असे. संगीत नाटक कंपन्या बिऱ्हाडासकट गावोगाव फिरायच्या त्या काळातलं हे बांधकाम. बोलपट आले तसं त्याचं टॉकीज झालं, व्हिडिओ-टीव्हीनं टॉकीज बसवलं, आणि तेव्हापासून आत निवडणुकीच्या पेट्या आणि जप्त केलेल्या हातगाड्या असतात.

आता नगरपरिषदेपुढे प्रस्ताव आहे की इमारत पाडायची, खाली दुकानांचे गाळे काढायचे आणि वर 'सुसज्ज सांस्कृतिक भवन' बांधायचं. हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. ठाणे-मुंबईत राहणाऱ्या आमच्या ग्रामस्थ मंडळानं लेखी म्हणणं द्यायचं ठरवलंय आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

माझं मत स्पष्ट आहे, पाडू नये. पण 'आमच्या आठवणी आहेत' एवढ्यावर कुठलीही सभा ठराव फिरवत नाही. गडकरी रंगायतन बंद होताना आणि पुन्हा उघडताना आपण ठाणेकरांनी जवळून पाहिलंय. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, परळचं दामोदर नाट्यगृह पुनर्विकासात गेलं. या सगळ्यातून आमच्या गावानं काय घ्यावं? भिंती वाचवायच्या, रंगमंच वाचवायचा, की तिथे नाटक होत राहणं वाचवायचं? ज्यांनी यातलं काही केलंय किंवा पाहिलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

तलावपाळी७८

तुमच्या पत्रात पहिला मुद्दा हा घ्या. गडकरी रंगायतन १९७८ साली उभं राहिलं तेव्हा ठाण्यात महापालिका नव्हती. ती झाली १९८२ ला. म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावरचं हे नाट्यगृह एका नगरपरिषदेनं बांधलं, सतीश प्रधान नगराध्यक्ष असताना. 'आपली नगरपरिषद, आपल्याला काय झेपणार' असं कुणी म्हणालं तर हे ऐकवा.

त्याआधी आम्हा ठाणेकरांना चांगलं नाटक बघायचं तर दादरला शिवाजी मंदिर गाठावं लागे. तिसरा अंक रंगात आला की अर्धं लक्ष घड्याळाकडे, कारण परतीची लोकल. गडकरी झालं आणि जेवून, चालत, सहकुटुंब नाटकाला जाता येऊ लागलं. आमच्या आईनं दादरला कधी नाटक पाहिलं नव्हतं, गडकरीत तिनं कितीतरी पाहिली. नाट्यगृह गावात असण्याचा अर्थ हाच. घराबाहेर सहसा न पडणारं माणूसही तिथवर येतं.

स्पष्टवक्ता_कळवा

थोडं विरोधी लिहितो, राग नसावा. तालुक्याच्या गावात वर्षाला किती नाटकं लागणार? व्यावसायिक नाटकाची बस पुण्याहून साताऱ्याला येते, तिथून पुढे तुमच्या गावाला कशाला वळेल? गाळे काढले तर नगरपरिषदेला दरमहा भाडं मिळेल, त्या भाड्यात वरचं सभागृह चालेल. जुन्या इमारतीवर खर्च करून पुन्हा कुलूपच लागणार असेल तर ती वाचली असं कसं म्हणायचं? भावना समजू शकतो, पण हिशोब दाखवा.

पांचपाखाडीकर

@स्पष्टवक्ता, राग कसला, हाच प्रश्न सभेत येणार आहे. म्हणून तर इथे आलो.

घाणीचा_चुना

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. राहणार नौपाडा, कामं बहुतेक देशावर आणि कोकणात. प्रस्ताव कुठलाही मंजूर होवो, त्याआधी एक काम थांबवा. भिंतींना कुणी सिमेंटचा गिलावा करू नये.

चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. त्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आत अडकते. मग पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागापर्यंत येतात, पांढरी भुकटी धरते, पापुद्रे सुटतात, म्हणजे आपण म्हणतो तो लोणा लागतो. लोकांना वाटतं भिंत जुनी झाली, पाडा. मुळात तिला आजारी पाडलेलं असतं मागच्या दुरुस्तीनं. मी पाहिलेल्या 'धोकादायक' इमारतींपैकी बऱ्याच ठिकाणी दगड आणि मूळ चुना ठणठणीत होता, वरची दुरुस्तीच सडलेली होती.

जुना चुना म्हणजे विरवलेला चुना, वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरकी. घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरवायच्या गोल चरात, मळायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, मेथी असे पदार्थ जागेनुसार पडत. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो वर्षानुवर्षं हळूहळू दगडासारखा होत जातो. आजही हे काम करणारे गवंडी मिळतात. थोडं शोधावं लागतं आणि पावसाळ्यात काम थांबवावं लागतं, एवढंच. ठेकेदाराला मात्र मार्चअखेर बिल काढायचं असतं, त्यामुळे चुन्याला नको म्हणणारा पहिला माणूस तोच असतो.

कैच्यांचं काय? सागवान असेल तर टोकं तपासा. भिंतीत घुसलेलं टोक ओलीनं कुजतं, मधला भाग शंभर वर्षांनीही उत्तम असतो. कुजलेलं टोक कापून नवा सागाचा तुकडा जोडता येतो, अख्खी कैची फेकायचं कारण नसतं. वाळवीसाठी पायापासून बघा. पत्र्याचं वजन कौलांपेक्षा कमी असतं, त्यामुळे कौलं परत चढवायच्या आधी कैच्यांची ताकद स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मोजून घ्या. तो इंजिनिअर जुन्या बांधकामावर काम केलेलाच हवा. नुसत्या आरसीसीवाल्याला दगडी भिंत दिसली की तो पाडायलाच सांगतो.

रंकाळ्यावरनं_ऐरोलीत

आमच्या केशवराव भोसलेचं नाव निघालं म्हणून लिहितोय. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं, १९१५ ला खुलं झालं, तेव्हा नाव होतं पॅलेस थिएटर. शेजारी खासबाग मैदान. एका अंगाला कुस्ती, दुसऱ्या अंगाला संगीत नाटक, अशी जागा दुसरीकडं दाखवा मला! प्रेक्षागृहात मधे खांब नाही, मागच्या रांगेतनं पण रंगमंच सरळ दिसायचा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. हे १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले केशवराव, 'ललितकलादर्श' नाटक कंपनी काढणारे गायक नट, बालगंधर्वांबरोबर १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त प्रयोग करणारे आणि त्याच वर्षी एकतिशीत गेलेले. मी ऐरोलीत बसून मोबाईलवर छप्पर कोसळताना बघत होतो आणि गावाकडं मित्रांना फोन लावत होतो. सगळे तिथंच उभे होते. रिक्षावाले, तालमीतली पोरं, कलाकार, सगळे रडत होते.

छप्पर गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दर्शनी दगडी भाग राहिला. आणि गावाचं म्हणणं पहिल्या दिवसापासनं एकच, होतं तसंच बांधा. 'मॉडर्न बांधा' असं म्हणणारं मला तरी कुणी भेटलं न्हाई. पांचपाखाडीकर, तुमच्या गावात अजून भिंत उभी आहे, कैची उभी आहे. आमच्याकडं जे परत करायला एवढा खटाटोप लागला ते तुमच्याकडं आयतं आहे. पाडायला निघालेल्यांना म्हणावं एकदा कोल्हापूरला जाऊन या.

मृदगंधा

वाचून अंगावर काटा आला, रंकाळादादा.

विंगेतला_माणूस

मी पडद्यामागचा. नेपथ्य लावणं, पडदे-दिवे टांगायचे आडवे दांडे म्हणजे बॅटन खाली-वर करणं, दौऱ्यावर टेम्पोतून सेट नेणं हेच काम केलं आयुष्यभर. स्पष्टवक्ता म्हणतात बस वळणार नाही. वळते साहेब, पण बस वळायला काय लागतं ते बांधणाऱ्यांना माहीत नसतं.

नवी 'सांस्कृतिक भवनं' मी महाराष्ट्रभर पाहिली आहेत. दर्शनी काच, आत झुंबर, आणि विंगेत उभं राहायला जागा नाही. नट प्रवेश घेणार कुठून? सेटचा टेम्पो मागच्या दाराला लागत नाही, कारण मागे गाळे काढलेत. मग फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या चौकटी, प्रेक्षकांच्या दारातून, खुर्च्यांच्या मधून आत न्यायचे. सभागृह पहिल्या मजल्यावर असेल तर सगळं सामान जिन्यानं, खांद्यावर. तुमच्या प्रस्तावात खाली गाळे आणि वर सभागृह आहे ना? मग तिथे नाटक होणार नाही हे आजच लिहून ठेवा. लग्नं होतील, सत्कार होतील.

जुन्या नाटकगृहांत रंगमंच जमिनीच्या पातळीपासून तीन-साडेतीन फुटांवर, मागे रुंद दार, गाडी थेट दाराशी. कारण ती नाटकवाल्यांना विचारून बांधली होती. पडद्याच्या कप्प्या, वरचं माळ्यासारखं लाकडी काम, हे सगळं राहिलं असेल तर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीत पहिलं तेच भंगारात जातं.

डेसिबल

विंगेतला_माणूस यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. आता आवाजाबद्दल, कारण माझं कामच ते आहे.

नाट्यगृहात आवाज थांबल्यावर तो विरायला किती वेळ लागतो यावर सगळं अवलंबून असतं. संवादासाठी साधारण एक सेकंद चांगला. गाण्याला त्याहून थोडा जास्त हवा. या शास्त्राची सुरुवात १८९० च्या दशकात हार्वर्डच्या वॉलेस साबिननं केली. एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, तेव्हा त्यानं दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायचा वेळ मोजला. त्यातून सूत्र निघालं. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आत शोषणारं जितकं जास्त तितका लवकर विरतो. बसलेला एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीएवढा आवाज शोषतो. म्हणून गच्च भरलेल्या आणि रिकाम्या नाट्यगृहात आवाज वेगळा लागतो. चांगल्या गादीच्या खुर्च्या घेतल्या तर हा फरक कमी होतो.

तुमच्या गावच्या इमारतीबद्दल: लाकडी सज्जे, लाकडी तक्तपोशी म्हणजे आतलं छत, चुन्याचा गिलावा या सगळ्यांनी मिळून तिथला आवाज घडवलाय. माईक नसताना गायक नट मागच्या रांगेपर्यंत पोचायचे त्यात त्यांच्या गळ्याइतकाच या लाकडाचाही वाटा होता. सज्जा काढून तिथे सपाट भिंत केली आणि वर पीओपीचं छत लावलं की तो आवाज संपला. मग भारीतले स्पीकर लावा, उपयोग नाही.

पत्र्याचं मात्र बघा. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात असाल तर पावसात त्या पत्र्याखाली काहीही ऐकू येणार नाही. कौलं परत घाला, किंवा पत्रा ठेवायचाच असेल तर खाली शोषक थर घालून लाकडी तक्तपोशी करा. आणि एसी लावाल तर कमी वेगाचा, मोठ्या डक्टचा. बंद प्रेक्षागृहात यंत्रांचा आवाज २५-३० डेसिबलच्या पुढे जायला नको. नटानं घेतलेला पॉज एसीनं भरून काढला तर तो पॉज फुकट जातो.

बटाटावडा_प्रेमी

एवढी गंभीर चर्चा चाललीय, पण मध्यंतराबद्दल कुणी बोलेना! नाट्यगृहाच्या अर्थकारणात वड्याचं स्थान कुणीतरी पत्रात नोंदवा. दहा मिनिटांत शेकडो माणसांना गरम वडा आणि चहा देणं हीसुद्धा रंगभूमीची सेवाच आहे.

तलावपाळी७८

@बटाटावडा_प्रेमी, मनातलं बोललात. आम्ही तर नाटक कसं होतं यावरचं अर्धं भांडण वडा खाताना करायचो आणि उरलेलं कट्ट्यावर.

कोपरी_पूर्व

अवांतर होईल, पण टॉकीजचा विषय आहे म्हणून. ठाण्यात अशोक, प्रभात, गणेश, आनंद, मल्हार, वंदना, आराधना अशी एकपडदा चित्रगृहं होती. आजही रिक्षात बसून 'मल्हार' किंवा 'वंदना' म्हटलं की पुरतं, पुढे पत्ता सांगावा लागत नाही. शहराच्या नकाशात चित्रगृहाचं नाव एवढं खोल बसतं.

पांचपाखाडीकर, तुमच्या गावात त्या टॉकीजच्या काळातले लोक अजून असतील. ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंगवाले. त्यांच्याकडून ऐकून घ्या. नाटकाचा काळ पाहिलेली पिढी हाती लागणार नाही, पण १९३१-३२ नंतर पडदा लावताना रंगमंचाचं काय केलं, कुठली भिंत फोडली, प्रोजेक्टरची खोली कशावर उभी केली हे त्यांना घरातून ऐकून माहीत असतं. मूळ इमारत कुठली आणि नंतरची भर कुठली हे ओळखायला याचा उपयोग होईल.

घाणीचा_चुना

@कोपरी_पूर्व, फार मोलाचा मुद्दा. आम्ही काम सुरू करताना आधी हेच करतो. मात्र नंतरची भर म्हणजे सगळी काढून टाकायची असंही नाही. प्रोजेक्टरची खोली हासुद्धा त्या इमारतीचा इतिहासच आहे, तिथे प्रकाशयोजनेचं नियंत्रण छान बसेल.

नमनवाला_दिवा

दामोदरचा उल्लेख एका ओळीत झाला, म्हणून थोडं लिहितो. आम्ही रत्नागिरीकडले, वडील गिरणीत. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं, सोशल सर्व्हिस लीगचं. ना. म. जोशींनी १९११ मध्ये कामगारांसाठी काढलेली ही संस्था. गिरणगावातली कामगार रंगभूमी तिथे वाढली. कोकणातली नमन-खेळे, जाखडी, दशावतार करणारी मंडळं गावावरून यायची, आणि मुंबईतल्या चाकरमान्यांची मंडळं तिथेच तालीम करून तिथेच प्रयोग लावायची. भाडं आमच्या आवाक्यातलं होतं. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झालं, कलाकार रस्त्यावर उतरले.

मला सांगायचंय ते हे. नवीन बांधू म्हणतात तेव्हा खुर्च्या किती आणि एसी किती टनांचा हे सांगतात. भाडं किती, हे कुणी सांगत नाही. नमन मंडळाला परवडलं नाही तर ते नाट्यगृह आमच्यासाठी पडल्यातच जमा. तुमच्या पत्रात स्थानिक मंडळांसाठी, शाळांसाठी, भजनी मंडळांसाठी वेगळा दर आणि राखीव तारखा मागा. आधीच मागा. इमारत झाल्यावर कुणी ऐकत नाही.

स्पष्टवक्ता_कळवा

@नमनवाला_दिवा, हे पटलं. पण मग माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. भाडं कमी ठेवायचं, गाळे काढायचे नाहीत, मग देखभाल कशातून? मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं उदाहरण सगळे देतात. १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला उघडलं, २०१७ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. अप्रतिम काम झालं, वाद नाही. पण ती गोंडलच्या राजघराण्याची मालमत्ता, आणि ठिकाण मुंबई. तालुक्याला राजघराणं कुठून आणायचं?

आमोद_घणसोली

ऑपेरा हाऊसमधून पैसा शिकायचा नाही, क्रम शिकायचा. २०१२ मध्ये ते जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत होतं. वास्तुसंवर्धक आभा लांबा यांच्या चमूनं आधी इमारत भक्कम केली, पाणी गळणं थांबवलं, जुनी चित्रं-नोंदी शोधल्या, आणि सोनेरी नक्षीकाम शेवटी. लहान गावात हा क्रम उलटा होतो. आधी रंग, कमान आणि उद्घाटनाची कोनशिला, आणि छप्पर पुढच्या निधीत.

म्हणजे तुमच्याकडे पहिल्या वर्षी फक्त छप्पर, पन्हळी आणि सांडपाण्याची वाट एवढं केलं तरी इमारत पुढे बरीच वर्षं तग धरते. बाकीचं टप्प्याटप्प्यानं. सगळा पैसा एकदम लागतो हे गृहीतकच चुकीचं आहे.

सीवूड्सची_शर्वरी

बायकांच्या सज्जाबद्दल वाचून थांबले. त्या काळी पडदानशीन बसावं लागायचं तरी बायका नाटकाला यायच्या, ही त्या सज्जाची साक्ष आहे. तो कृपा करून जपा.

आणि आता आजच्या बायकांचं ऐका. स्वच्छतागृह! नाट्यगृहांत मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं असतं आणि बायकांची रांग संपेपर्यंत तिसरी घंटा होते. एका नाट्यगृहात मी सासूबाईंना घेऊन गेले होते, स्वच्छतागृह तळघरात, जिना निसरडा, दिवा बंद. त्या परत म्हणून नाटकाला आल्या नाहीत. पुरुषांइतकीच संख्या ठेवून चालत नाही, बायकांसाठी दुप्पट हवीत. रंगपटातही, म्हणजे नटांच्या तयार व्हायच्या खोलीतही, वेगळं स्वच्छतागृह हवं. दौऱ्यावरच्या अभिनेत्री प्रयोग असला की पाणी कमी पितात, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. चाकाच्या खुर्चीसाठी उतार, आणि ती खुर्ची ठेवायला रांगेत जागा, दाराजवळ कोपऱ्यात नव्हे.

वारसा जपणं आणि हे करणं यात भांडण नाही. मागच्या बाजूला नवं छोटं बांधकाम करून सगळ्या सोयी तिथे द्याव्यात, जुन्या भिंतीला हात न लावता.

विंगेतला_माणूस

शर्वरीताईंनी रंगपटाचं लिहिलं याबद्दल आभार. हे सभेत बोलायला कुणी तयार नसतं.

अग्निशमन_निवृत्त

कोल्हापूरच्या आगीचा विषय निघाला म्हणून माझ्या क्षेत्रातलं सांगतो. नाट्यगृहात लाकूड, कापड, रंग आणि वीज एका जागी असतात. दिल्लीच्या उपहार चित्रगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. आग तळाच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती. माणसं गेली बाल्कनीत धुरानं, कारण जादा खुर्च्या टाकून एका बाजूची वाट बंद केली होती. तुमच्याकडे तीन बाजूंना सज्जा आहे. प्रत्येक सज्जातून बाहेर पडायला दोन वेगळे जिने आहेत का, हे पहिलं पाहा.

सगळी जुनी वायरिंग काढा, अपवाद नको. रंगमंचाचा विद्युतपुरवठा वेगळा ठेवा आणि प्रयोग संपला की मुख्य स्विच बंद करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. एक हजार वॅटचे जुने दिवे पडद्याजवळ तापतात, एलईडी घेतले तर उष्णता आणि भार दोन्ही कमी. पडद्यांना अग्निरोधक द्रावण लावतात, ते धुतल्यावर उतरतं, पुन्हा लावावं लागतं. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, ढकलली की उघडतील अशी. प्रयोग चालू असताना कुलूप नाही. आणि आत्ता आत ठेवलेल्या हातगाड्या आणि भंगार उद्याच बाहेर काढायला सांगा, ठराव होवो न होवो.

वाशी_सेक्टर१६

आमच्या वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचं नाव आहे. त्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिला मराठी नाट्यप्रयोग केला, राजाश्रयानं. म्हणजे मराठी नाटकाचा जन्म मुंबई-पुण्यात झालेला नाही, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान संस्थानी गावात झालेला आहे. 'तालुक्याला नाटक कशाला' म्हणणाऱ्यांना हे सांगितलंच पाहिजे.

मृदगंधा

मी सध्या एका हौशी संस्थेत एकांकिका करते. आम्हाला मोठं नाट्यगृह लागतच नाही. ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहातलं लहान सभागृह आम्हाला जास्त उपयोगी पडतं, कारण तिथे थोडे प्रेक्षक आले तरी भरल्यासारखं वाटतं आणि भाडं झेपतं. तुमच्या गावच्या नाटकगृहात तीन-चारशे माणसं बसत असतील तर तोच त्याचा मोठा गुण आहे. स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्या, शिबिरं, अभिवाचन, मुलांची नाटकं यांना असंच हवं असतं. पुण्या-मुंबईच्या संस्थांना तालमीसाठी आठ-दहा दिवस राहून काम करायला जागा मिळत नाही. गावात राहायची सोय असेल तर आम्ही येऊ, आणि शेवटी गावासाठी प्रयोग करून जाऊ. हे मी सभ्यपणापोटी म्हणत नाहीये, खरंच येऊ.

आमोद_घणसोली

स्पष्टवक्ता यांच्या हिशोबाचं उत्तर मृदगंधा यांनी दिलं असं मला वाटतं. व्यावसायिक नाटकाच्या तारखांवर हे नाट्यगृह चालणार नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं. चालेल ते शाळांची संमेलनं, स्पर्धा, शिबिरं, भजन, व्याख्यानमाला, शनिवारी जुना सिनेमा यांवर. त्यासाठी एक पूर्णवेळ व्यवस्थापक, एक वीजतंत्री आणि एक सफाई कामगार एवढी माणसं लागतात. बहुतेक नाट्यगृहं बांधकामाच्या निधीअभावी पडत नाहीत, या तीन पगारांअभावी पडतात. उद्घाटनाला निधी येतो, कप्पीला तेल घालायला येत नाही. म्हणून अर्थसंकल्पात देखभालीचं वेगळं शीर्षक मागा आणि दरवर्षी ठरलेली रक्कम तिथेच खर्च होईल असा ठराव मागा.

स्पष्टवक्ता_कळवा

मान्य. एवढं मांडणार असाल तर माझा विरोध मागे. फक्त व्यवस्थापक नेमताना नाटकातला माणूस घ्या, कुणाचा भाचा नको.

घाणीचा_चुना

एक कायदेशीर बाब. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची यादी करायची तरतूद आहे, श्रेणी लावून. तुमच्या नगरपरिषदेनं ही इमारत यादीत घातली तर पुढच्या सभेलाही ती सहज पाडता येणार नाही. पत्रात ही मागणी पहिल्या परिच्छेदात लिहा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं की ठेवायचं यावर किती वर्षं वाद चाललाय ते आपण बघतोच. १९६८ ची इमारत आहे ती. तुमची त्याहून कितीतरी जुनी.

पांचपाखाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसातून येऊन सगळं दोनदा वाचलं, आणि मसुदा असा धरतोय.

वारसा यादीत नोंद ही पहिली मागणी. तोवर सिमेंटचं कुठलंही काम नको आणि आतलं भंगार ताबडतोब बाहेर. जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या इंजिनिअरकडून तपासणी. मग छप्पर आणि पाण्याची वाट, मग वायरिंग आणि जिने, मग रंगमंच. सज्जा आणि लाकडी छत मूळ स्वरूपात. सोयी मागच्या बाजूला नव्या बांधकामात, बायकांची स्वच्छतागृहं दुप्पट, टेम्पोचं दार मोकळं. स्थानिक मंडळांचा दर आणि तीन पगारांची तरतूद त्याच ठरावात. गाळ्यांना माझा विरोध आहे, पण नगरपरिषदेची आवारापलीकडे रस्त्यालगत पडीक जागा आहे, गाळे तिथे काढून त्यांचं भाडं नाट्यगृहाच्या देखभालीला जोडा असं सुचवणार आहे. स्पष्टवक्ता, हे तुमच्यामुळे सुचलं.

सुरुवातीला मी विचारलं होतं की भिंत वाचवायची की नाटक. तुम्हा सगळ्यांचं वाचून माझं मत असं झालंय की आमच्या गावापुरतं तरी हे वेगळं करता येत नाही. ती भिंत, तो सज्जा आणि ते मागचं दार नाटकासाठीच तसं बांधलंय. ते पाडून जे होईल त्यात नाटक बसणार नाही, आणि नाटक होणार नसेल तर ते जपायला माणसं नेमायला कुणी तयार होणार नाही.

एक अडचण आहे. इमारतीचे नकाशे नगरपरिषदेकडे सापडत नाहीत. मोजमाप कोण करून देईल?

डेसिबल

मी येतो. लेसर टेप आणि आवाज मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे. रिकाम्या इमारतीतला आवाज विरायचा वेळही त्याच दिवशी मोजून घेऊ, पत्राला आकडा जोडता येईल.

घाणीचा_चुना

मीही. पावसाआधीचा शनिवार-रविवार धरा. शिडी गावात मिळेल ना? कैच्यांची टोकं वर चढूनच बघावी लागतील.

पांचपाखाडीकर

शिडी, जेवण, मुक्काम सगळं आमच्याकडे. दोघांना व्यक्तिगत निरोप पाठवतो. मुख्याधिकाऱ्यांकडून चावी मिळवायचा अर्ज उद्याच देतो.

विंगेतला_माणूस

गाडीत एक जागा माझ्यासाठी ठेवा. कप्प्या मी बघतो.